संध्याकाळचं जेवण सोडलं की वजन उतरतं का? जाळ्यावर जाणाऱ्यांनी आधी हे वाचा



"सूर्य मावळला की ताट बंद, महिन्यात पोट आत" असले मेसेज आपल्या सगळ्यांच्याच मोबाईलवर येतात. ते वाचून घरातलं कुणीतरी रात्रीची भाकरी सोडतं. चार दिवसांत काटा दोन किलो खाली दिसतो, महिन्याने परत होता तिथेच. मग हे खरं की खोटं?

उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर.

रात्रीचं जेवण सोडल्यामुळे दिवसभराचं एकूण खाणं कमी झालं, तर वजन उतरतं. एकूण खाणं तेवढंच राहिलं, तर नुसत्या घड्याळामुळे उतरत नाही. आणि जे शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेतात, त्यांनी आपल्या मनाने जेवण सोडून पहाटे पाण्यावर जाणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

दिवस मावळायच्या आत जेवण: आपल्याच भागातली पद्धत

ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. निपाणी, चिकोडी, बेळगाव पट्ट्यात जैन समाज मोठा आहे. त्यांच्या कितीतरी घरांत आजही सूर्यास्ताआधी जेवण उरकतात. वेदगंगा आणि दूधगंगा जिथे मिळतात, त्या भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज (१८७२-१९५५) सगळ्यांना माहीत आहेत. दिगंबर मुनी चोवीस तासांत एकदाच आहार घेतात.

पण एक लक्षात घ्या. हा नियम अहिंसेसाठी आहे. रात्री दिव्यावर किडे येतात, ताटात पडतात, त्यांची हिंसा होऊ नये म्हणून दिवसा जेवायचं. वजन कमी करणं हा त्याचा हेतूच नाही. म्हणून "बघा, आपले पूर्वज वजनासाठी लवकर जेवत होते" असं कुणी सांगितलं तर ते बरोबर नाही.

दीक्षित म्हणतात दोनदा, दिवेकर म्हणतात थोडं थोडं

काही वर्षांमागे घराघरात यावर वाद रंगले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा, कडकडून भूक लागेल तेव्हा, आणि एक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकार यांचा, हे ते स्वतःच सांगतात. दुसरीकडे ऋजुता दिवेकर यांचा सल्ला: दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा.

आता गंमत बघा. दीक्षितांच्या पद्धतीत रात्री जेवायचंच नाही असा नियम नाही. दोन वेळा कोणत्या, ते ज्याने त्याने आपल्या भुकेवरून ठरवायचं. म्हणजे दोन टोकांच्या या दोन्ही सल्ल्यांत संध्याकाळ हा शत्रू नाही. येता-जाता तोंडात टाकलेलं, मोजणीत न येणारं खाणं बंद व्हावं, हाच दोन्हींचा फायदा.

मोजून बघितलं तेव्हा काय दिसलं?

इस्रायलमध्ये वजन जास्त असलेल्या ९३ महिलांचे दोन गट केले. दोन्ही गटांना दिवसाला १४०० कॅलरी. एका गटाला सकाळी ७०० आणि रात्री २००, दुसऱ्या गटाला उलट. १२ आठवड्यांनी सकाळी भरपूर खाणाऱ्यांचं वजन सरासरी ८.७ किलो उतरलं, रात्री भरपूर खाणाऱ्यांचं ३.६ किलो. हा अभ्यास २०१३ चा. संध्याकाळ सोडा म्हणणारे याचाच आधार घेतात.

पण २०२२ मध्ये चीनच्या ग्वांगझू शहरातल्या अभ्यासाचा निकाल आला. १३९ जण, पूर्ण वर्षभर. सगळ्यांचं खाणं कमी केलं. त्यातल्या निम्म्यांना सांगितलं, सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्यातच खायचं. वर्षाने त्यांचं वजन ८ किलो उतरलं, वेळेचं बंधन नसलेल्यांचं ६.३ किलो. हा फरक इतका लहान होता की वेळेमुळेच पडला असं संशोधकांना म्हणता आलं नाही.

त्याच वर्षी स्कॉटलंडच्या अबर्डीनमध्ये ३० जणांना अन्न मोजून दिलं. एक महिना सकाळी जास्त, एक महिना रात्री जास्त. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं. फरक भुकेत पडला. सकाळी पोटभर खाल्लं त्या महिन्यात दिवसभर भूक कमी लागली.

सगळं मिळून अर्थ असा की खाण्याचा आकडा मोठा, वेळेचा परिणाम लहान. पण सकाळी-दुपारी नीट जेवलं की रात्रीची हाव कमी होते, आणि हाव कमी झाली की आकडा आपोआप खाली येतो.

मग चार दिवसांत दोन किलो कसं उतरतं?

ते बहुतेक पाणी असतं. भात-भाकरीतली साखर शरीर पेशींत साठवून ठेवतं आणि तिच्यासोबत पाणीही धरून ठेवतं. जेवण सोडलं की तो साठा वापरला जातो, पाणी सुटतं, काटा खाली येतो. परत नीट जेवलं की पाणी परत. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. रोज ५०० कॅलरी कमी केल्या तरी एक किलो चरबी जायला पंधरा दिवस लागतात. चार दिवसांत दोन किलो चरबी जात नाही.

आपल्या घरचा हिशोब

आपली संध्याकाळ दुकानदाराच्या किंवा मास्तरांच्या संध्याकाळीसारखी नसते. दिवस मावळताना जाळी टाकायची, घरी यायला आठ-नऊ, जेवून आडवं व्हायचं, आणि तीन-चारला उठून जाळी काढायला परत पाण्यावर. पहाटे वल्हं मारायचं, ओलं जाळं ओढायचं, मासे सोडवायचे. अंगमेहनतीचं सगळ्यात जड काम आपण रात्रीच्या जेवणावर करतो.

आता समजा एका नाववाल्याने ठरवलं, रात्री जेवायचं नाही. त्याचं नेहमीचं ताट दोन भाकरी, थोडा भात, माशाचं कालवण. साधारण ८०० कॅलरी. ते सोडलं. पण काठावर दोन कप गोड चहा (१५०), एक प्लेट भजी (३००), आणि "थकवा घालवायला" एक क्वार्टर (४०० च्या वर). झाले ८५०. घरी येऊन सांगतो, "मी रात्रीचं जेवतच नाही." जेवत नाही हे खरं, पण कमी खात नाही हेही खरं. उलट कालवणातला मासा गेला आणि तेल-दारू आली. रोहू, कटला यांच्या १०० ग्रॅम मांसात १०० च्या आसपासच कॅलरी असतात आणि सोळा-सतरा ग्रॅम प्रथिनं. वजन कमी करणाऱ्याने सोडायला नको अशी ती गोष्ट आहे. तळून खाल्ला तर मात्र तेलाचे आकडे चढतात. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी.

पावसाळ्याचंही तेच. होड्या काठाला लागतात, मेहनत थांबते, पण पोटाला सवय वल्हं मारतानाची. वजन बरेचदा त्या दिवसांत चढतं. जेवणाची वेळ तीच राहू द्या, त्या महिन्यांत एक भाकरी आणि एक वाटी भात कमी करा. एवढ्याने फरक पडतो.

आणि वैनींसाठी. दिवसभर मासळी विकून किंवा विड्या वळून, सगळ्यांना वाढून झाल्यावर "मला भूक नाही" म्हणून जेवण सोडायचं आणि पोरांच्या ताटातलं उरलेलं संपवायचं, याला वजन कमी करणं म्हणत नाहीत. त्याने अशक्तपणा येतो. गरोदर, अंगावर पाजणारी, वाढीची पोरं, टीबीचं औषध चालू असलेली माणसं, यांनी जेवण सोडूच नये.

सगळ्यात महत्त्वाचं: शुगरवाले आणि पाणी

देशात मधुमेह असलेले दहा कोटींच्या वर आहेत, असा अंदाज आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीतून २०२३ मध्ये आला. आपल्या काठावरही प्रत्येक गल्लीत कुणीतरी शुगरवाला आहेच.

ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन ही औषधं साखर खाली आणतातच, तुम्ही जेवला असाल किंवा नसाल. जेवण सोडलं आणि औषध चालू ठेवलं, तर साखर रात्रीत किंवा पहाटे एकदम उतरू शकते. त्यात उपाशीपोटी दारू घेतली असेल तर धोका आणखी वाढतो, कारण दारू पचवण्यात गुंतलेलं यकृत रक्तात साखर सोडत नाही.

लक्षणं: दरदरून घाम, हातपाय थरथरणं, छातीत धडधड, एकदम भूक, डोळ्यांपुढे अंधारी, बोलणं अडखळणं, काहीतरीच वागणं. बघणाऱ्याला वाटतं, याला चढलीय. जमिनीवर माणूस खाली बसतो. होडीत तोल जातो, आणि एकटा असेल तर हाक मारायलाही कुणी नसतं.

म्हणून हे पाळाच:

• शुगरचं औषध चालू असेल तर जेवणाची वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. "रात्रीचं जेवण कमी करायचंय, पहाटे जाळ्यावर जातो, गोळी बदलायची का?" एवढंच विचारायचं.
• होडीत झाकणाच्या डबीत साखर किंवा ग्लुकोज पावडर ठेवा, भिजणार नाही अशी. लक्षणं दिसली की तीन-चार छोटे चमचे पाण्यात घालून प्यायचं. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर परत तेवढंच. बरं वाटलं तरी नंतर काहीतरी खायचं.
• माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा आणि ताबडतोब दवाखाना.
• सोबत्याला आपल्या शुगरबद्दल सांगून ठेवा. यात लाज कसली?

मग करायचं काय?

१. जेवण सोडू नका, पुढे सरकवा आणि हलकं करा. जमलं तर जाळी टाकायला निघण्याआधीच एक भाकरी, भाजी किंवा कालवण. परत आल्यावर भूक असेल तर वाटीभर ताक किंवा आमटी.

२. सकाळी जाळी काढून आल्यावर चहा-खारीवर भागवू नका. भाकरी, अंडं, मासा, उसळ असं नीट खा. अबर्डीनचा धडा इथेच कामाला येतो.

३. मध्यरात्री खाणं टाळा. २०२१ मध्ये १९ जणांना रात्रपाळीसारखं जागवून बघितलं. रात्री खाणाऱ्यांची साखर सरासरी ६.४ टक्के वाढली, फक्त दिवसा खाणाऱ्यांची वाढली नाही.

४. वजनकाट्यापेक्षा पट्टी वापरा. कमरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटीमीटरच्या आणि बायकांचा ८० च्या आत हवा. महिन्यातून एकदा मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन महिन्यांत घेर उतरला तर तुमची पद्धत बरोबर. नाही उतरला तर खाणं कुठून तरी आत येतंय, ते शोधा.

५. आधी चहातली साखर, भजी आणि क्वार्टर. भाकरीचा नंबर त्यानंतर.

दिवस मावळायच्या आत जेवणं चांगलंच. ज्याला जमतं आणि ज्याचं औषध नाही, त्याने खुशाल करावं. पण उपाशीपोटी, गोळी घेऊन, एकट्याने पहाटे होडी ढकलू नका. वजन दोन महिने उशिरा उतरलं तरी चालेल, माणूस घरी परत यायला हवा.

घरात जे मोबाईल वाचत नाहीत, त्यांना हे वाचून दाखवा. विशेषतः शुगरवाल्या तात्यांना आणि मावशींना.