समुद्रात सांडलेला दाणा

बादली, पाण्याची टाकी, दुधाची पिशवी या साऱ्यांचा कच्चा माल एकच : मसुराएवढा प्लास्टिकचा गोळा. कारखान्यात त्याला नुसते ‘दाणा’ म्हणतात. हा दाणा वितळवून हवी ती वस्तू घडवता येते. मायक्रोप्लास्टिक म्हटले की झिजलेल्या, फाटलेल्या कचऱ्याचे तुकडे आपल्या डोळ्यांपुढे येतात. पण पाच मिलिमीटरपेक्षा लहान असा प्लास्टिकचा कोणताही कण त्यात मोडतो. म्हणजे दाणा हा जन्मतःच मायक्रोप्लास्टिक आहे.

तो सांडला तर काय होते, हे श्रीलंकेने अनुभवले. गुजरातमधील हजीरा बंदरातून कोलंबोला आलेल्या ‘एक्स-प्रेस पर्ल’ या जहाजाला मे २०२१मध्ये आग लागली आणि जूनमध्ये ते बुडाले. त्यावरचा सुमारे १,६८० टन दाणा समुद्रात आणि किनाऱ्यावर पसरला. समुद्रात दाणा सांडण्याची ही आजवरची सर्वांत मोठी नोंदलेली घटना. मासेमारी बंद झाली. माणसे चाळण्या घेऊन वाळू चाळत राहिली. जळून काळवंडलेले, ठिसूळ झालेले तुकडे तर वाळूत ओळखूही येत नव्हते.

दाण्याचा उपद्रव तीन प्रकारचा आहे. पहिला उघड आहे. तो माशांच्या अंड्यांसारखा दिसतो, त्यामुळे पक्षी आणि मासे तो गिळतात. दुसरा रासायनिक. कीटकनाशके आणि औद्योगिक तेलांतली काही विषारी द्रव्ये पाण्यात राहण्यापेक्षा प्लास्टिकला चिकटणे पसंत करतात. जपानी संशोधकांनी २००१ साली दाखवून दिले, की दाण्यावर त्यांचे प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या एक लाख ते दहा लाख पट होऊ शकते. तिसरा उपद्रव वाळूचा. हवाई बेटावरील कामिलो किनाऱ्याच्या अभ्यासात (२०११) प्लास्टिकमिश्रित वाळू सावकाश तापते आणि तिच्यातून पाणी लवकर झिरपते, असे आढळले. कासवाच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते. वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडलेची घरटी जपणाऱ्या कोकणाला ही बाब परकी नाही.

मे २०२५मध्ये ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज कोचीजवळ बुडाले. त्यावर ६४० कंटेनर होते. सुरुवातीला चर्चा झाली ती घातक रसायनांच्या १३ कंटेनरांची. काही दिवसांतच तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यांवर पांढरा दाणा येऊन लागला.

मूळ अडचण इथेच आहे. सागरी वाहतुकीच्या नियमांत दाणा ‘धोकादायक माल’ या वर्गात येत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२४मध्ये सूचना केल्या : वेष्टन मजबूत असावे, कंटेनरमध्ये दाणा आहे हे कागदपत्रांत स्पष्ट लिहावे, असे कंटेनर शक्यतो डेकखाली ठेवावेत. पण या सूचना ऐच्छिक आहेत. श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये एक अब्ज डॉलर भरपाईचा आदेश दिला. तरी भरपाई मिळाली म्हणून वाळूतला दाणा परत पोत्यात भरता येत नाही. तेल सांडले तर जीवाणू ते कालांतराने बरेचसे पचवतात. दाणा मात्र फक्त बारीक होत जातो. म्हणून उपाय सांडण्याआधीच करायला हवा, आणि तो ऐच्छिक राहून चालणार नाही.