पाण्याची धावपट्टी आणि आकाशातील वहिवाट

आमच्या जबलपूर जिल्ह्यातील मझौलीच्या विष्णु-वराहापुढे उभे राहिले म्हणजे, पृथ्वीला जळातून वर काढणाऱ्या त्या अवतारात जळ आणि स्थळ यांची जी गाठ पडलेली दिसते, तिचे स्मरण मला नर्मदेवरील बरगीच्या विस्तीर्ण जलाशयाकडे पाहतानाही होते. आमच्या जिल्ह्यातून वाहणाऱ्या याच नर्मदेच्या खालच्या अंगास, गुजरातेतील केवडिया येथे, ३१ ऑक्टोबर २०२० रोजी अहमदाबादच्या साबरमतीवरून जलविमानाची सेवा सुरू झाली. ती पुढे बंद पडली, तरी ज्या शहरात मोठा विमानतळ आहे त्याच शहराच्या नदीवरून विमान उडवावयाचे, तर दोघांच्या वाटा एकमेकींत गुंतू नयेत म्हणून कोणता बंदोबस्त करावा लागतो, हा प्रश्न तिने आपल्यापुढे ठेवला. मराठी माणसाला हा विषय सर्वस्वी परका नाही. १९३८ साली इंग्लंडहून पूर्वेकडे जाणाऱ्या इम्पीरियल एअरवेजच्या उडत्या बोटी शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानातील माधोसागर तलावावर उतरत असत. मात्र त्या काळचे आकाश जवळजवळ मोकळेच होते.

जमिनीवरील धावपट्टीची दिशा ती बांधणाऱ्याने एकदाच मुक्रर केलेली असते. तेथे उतरू पाहणारे विमान प्रथम वाऱ्याला पाठ देऊन तिला समांतर जाते, मग काटकोनात वळते, आणि अखेर तिच्या रेषेत येऊन वाऱ्याला सामोरे जात खाली येते. या आयताकृती फेऱ्याला वैमानिक ‘सर्किट’ म्हणतात, आणि विशेष हुकूम नसेल तर तो डाव्या हाताचा असतो. पाण्यावर मात्र अशी आखीव रेषा क्वचितच असते. लाटांचे वळण आणि काठावरच्या झाडांची हालचाल पाहून वैमानिक वारा वाचतो; पाणी आरशासारखे निश्चल असेल, तर ते किती खाली आहे याचा अंदाजच त्याला येईनासा होतो. वारा फिरला की उतरण्याची दिशा फिरते आणि तिच्याबरोबर फेराही फिरतो. शेजारी पक्की धावपट्टी असेल, तर हा फिरता फेरा तिच्या स्थिर फेऱ्याला केव्हा छेदील याचा नेम राहत नाही. म्हणून अशा ठिकाणी पाण्याचा फेरा पाण्याच्या अंगास आणि जमिनीचा जमिनीच्या अंगास ठेवणे, दोहोंच्या उंचीत अंतर राखणे, आणि येण्याजाण्यासाठी एखादा पूल किंवा टेकडी यांसारख्या ठळक खुणा नेमून देणे, अशी तजवीज करतात. अलास्कातील अँकरेज येथे मोठ्या विमानतळाला लागूनच लेक हूड हा जलविमानांचा अत्यंत गजबजलेला तळ आहे. तेथे शहरावरच्या आकाशाचे निरनिराळ्या विमानतळांसाठी रीतसर विभाग पाडून प्रत्येकाची हद्द कायद्याने ठरविलेली आहे.

इतके सारे कशासाठी, डोळे उघडे ठेवून उडावे म्हणजे झाले, असे कोणास वाटेल. मलाही पूर्वी तसेच वाटे. परंतु त्याच अलास्कातील केचिकान या बंदराच्या परिसरात १३ मे २०१९ रोजी, दिवसाउजेडी आणि दृष्टी स्वच्छ असताना, पर्यटकांना घेऊन हिंडणारी दोन जलविमाने सुमारे ३,३५० फूट उंचीवर एकमेकांवर आदळली आणि सोळांपैकी सहा जीव गेले. चौकशीत निष्पन्न झाले ते असे की, ‘पाहा आणि टाळा’ या पद्धतीलाच अंगभूत मर्यादा आहेत. एकाच्या खिडकीचा खांब, दुसऱ्याचा पंख आणि शेजारी बसलेला प्रवासी एवढ्यानेच समोरचे विमान झाकले गेले, आणि दोन्ही विमानांतील दर्शक यंत्रांनी धोक्याची इतल्ला दिली नाही. यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला सर्वांत भयावह वाटते: जे विमान नेमके आपल्यावर येणार असते, ते काचेतून पाहताना हलतच नाही. बाजूने निघून जाणारे विमान सरकते म्हणून डोळ्यांत भरते. धडकेच्या मार्गावरचे मात्र एका जागी ठिपक्यासारखे राहते आणि अखेरच्या काही क्षणांत एकदम मोठे होते. ताशी शंभर सागरी मैलांच्या वेगाने समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांमधले एक किलोमीटर अंतर सुमारे दहा सेकंदांत सरते. तेवढ्यात पाहणे, ओळखणे, ठरविणे आणि वळणे, हे सारे उरकावयाचे असते.

डोळ्यांच्या चुकीचा निराळा दाखला मुंबईतच आहे. सांताक्रूझ आणि जुहू हे विमानतळ इतके जवळ की, १९५३ साली ब्रिटिश कॉमेट आणि १९७२ साली एक जपानी जेट, सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. सराईत वैमानिकांची जमिनीवरील फरसबंद पट्ट्या ओळखताना अशी गफलत होते. मग रेखाच नसलेल्या पाण्याबद्दल काय बोलावे? यासाठीच जलविमानाच्या वैमानिकाने आपण कोठे आहोत, किती उंचीवर आहोत आणि कोणीकडे वळणार हे नियत रेडिओलहरीवर पुन:पुन्हा सांगत राहावे, हा शिरस्ता मला यंत्रांइतकाच मोलाचा वाटतो.

हवेतील नियम मात्र सुटसुटीत आहेत: समोरासमोर आल्यास दोघांनी उजवीकडे वळावे, वाटा छेदत असल्यास ज्याच्या उजव्या हातास दुसरा असेल त्याने बाजू द्यावी, आणि उतरणाऱ्याला इतरांनी वाट करून द्यावी. परंतु विमानाने पाण्याला स्पर्श केला की त्याचा हा मान संपतो. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांप्रमाणे पाण्यावरच्या जलविमानाने सामान्यतः सर्व नौकांपासून दूर राहावयाचे असते. त्याला ब्रेक नसतो आणि पंखा फिरत असेतो ते थांबत नाही. म्हणून उद्या बरगीवर असे विमान उतरलेच, तर जाळे टाकून बसलेल्या कोळ्याची होडी दुरूनच पाहून तिला वळसा घालण्याचे काम त्या वैमानिकाचे असेल, होडीवाल्याचे नव्हे.