जाहिरात वाचायला शिकणं हाही अभ्यासच

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या इतिहास-राज्यशास्त्राच्या २०१८ पासूनच्या पुस्तकात ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ नावाचा धडा आहे. मुलांना त्यातलं ‘दर्पण’ आठवतं, ६ जानेवारी १८३२ ही तारीख आठवते, बाळशास्त्री जांभेकरांचं नाव आठवतं. रिकाम्या जागा त्यावरच येतात. पण त्याच धड्यात, माध्यमांतून आलेली माहिती पारखून कशी घ्यावी हेही सांगितलं आहे आणि त्यासाठी ‘स्टर्न’ या जर्मन साप्ताहिकाचं उदाहरण दिलं आहे. १९८३च्या एप्रिलमध्ये ‘स्टर्न’ने हिटलरच्या रोजनिशा सापडल्याचं जाहीर केलं. त्यासाठी त्यांनी प्रचंड पैसा मोजला होता. दोन आठवड्यांच्या आत जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने त्या बनावट ठरवल्या, कारण कागदात वापरलेलं द्रव्य दुसऱ्या महायुद्धानंतरचं निघालं. पैसा, घाई आणि सनसनाटीची ओढ एकत्र आली की नामवंत साप्ताहिकही कसं फसतं, हे पंधरा वर्षांच्या मुलाला समजावून सांगायला याहून चांगली गोष्ट मिळणार नाही. वर्गात मात्र हा भाग घाईत उरकला जातो. शालेय वयात माध्यमांचा आणि जाहिरातींचा अभ्यास करण्याबद्दल आपल्याकडे जे गैरसमज आहेत, त्यांची मुळं या घाईतच आहेत.

‘हा शाळेचा विषयच नाही’

तो शाळेत कधीच आला आहे. दहावीच्या मराठीच्या उपयोजित लेखनात बातमी आणि जाहिरात लिहायला येते. अकरावीच्या ‘युवकभारती’त सूत्रसंचालन, मुद्रितशोधन, अनुदिनी आणि रेडिओजॉकी यांवर पाठ आले, बारावीत मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख. केंद्रीय मंडळाच्या शाळांत अकरावी-बारावीला माध्यम अभ्यास हा स्वतंत्र ऐच्छिक विषय म्हणून घेता येतो. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी जी शालान्त परीक्षा होते, तिच्यातही हा विषय आहे. तेव्हा विषय कुठून आणायचा हा प्रश्नच नाही. आहे तो नीट शिकवायचा आहे.

‘जाहिरात लेखन म्हणजे यमक, चौकट आणि हमखास गुण’

हा गैरसमज मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण तो मुलांना शाळाच शिकवते.

मार्गदर्शक पुस्तकांतले नमुने पाहा. संगणकवर्ग असो, योगवर्ग असो की छत्र्यांचं दुकान, मजकूर ठरलेला असतो. ‘१०० टक्के खात्री’, ‘शहरातील क्रमांक १’, ‘अवघ्या काही दिवसांत फरक अनुभवा’. यमक जुळलं, चौकट आखली, खाली पत्ता आणि फोन नंबर लिहिला की उत्तर पूर्ण.

आता खऱ्या जगातला नियम बघू. ९ जून २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिराती रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. वस्तुस्थिती म्हणून मांडलेला दावा पुराव्याने सिद्ध करता आला पाहिजे, हा त्यांचा गाभा आहे. ‘क्रमांक १’ कशात? विक्रीत, निकालात की ग्राहकांच्या पसंतीत? कोणी मोजलं, कधी मोजलं? उत्तर नसेल तर ती दिशाभूल ठरू शकते आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तिच्यासाठी १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे ज्या वाक्यांबद्दल कंपन्यांना जाब द्यावा लागतो, तीच वाक्यं आपण दहावीच्या मुलांकडून घोटवून घेतो आणि त्यांना पैकीच्या पैकी गुण देतो.

याच तत्त्वांतली आणखी एक तरतूद मराठी वाचकांनी लक्षात ठेवावी. जाहिरातीतला खुलासा, म्हणजे तळाशी असलेली ती बारीक ओळ, दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच टायपात असली पाहिजे, आणि सहज दिसेल अशा जागी. मराठीत ठळक वचन आणि कोपऱ्यात इंग्रजीत मुंगीएवढ्या अक्षरांत ‘अटी लागू’ हा प्रकार या नियमात बसत नाही. मुलांना हे एकदा सांगून पाहा, ती स्वतःच अशी उदाहरणं शोधून आणतील.

चांगलं जाहिरात लेखन हा खरं तर कठीण व्यायाम आहे. छत्रीचीच जाहिरात घ्या. ती कोणासाठी आहे हे आधी ठरवायला हवं. दप्तरात मावली पाहिजे असं म्हणणाऱ्या शाळकरी मुलीसाठी, की मृगापासून हस्तापर्यंत रस्त्याकडेला भाजी घेऊन बसणाऱ्या बाईसाठी? पहिलीला वजन आणि घडी सांगायची, दुसरीला काड्यांची ताकद, घेर आणि किंमत. ग्राहक बदलला की शब्द बदलतात, चित्र बदलतं, वाक्यांचा क्रमही बदलतो. एवढं ठरवून मग मोजक्या ओळींत खोटं न बोलता लिहायचं. निबंधात चार विशेषणं जास्त झाली तरी खपून जातं, इथे एकही फुकट शब्द चालत नाही. मुलाला भाषेची शिस्त लावायची असेल तर हा प्रश्न सोन्यासारखा आहे. तपासणाऱ्याने फक्त यमकाऐवजी पुरावा आणि ग्राहक यांना गुण द्यायला हवेत.

‘आजच्या मुलांना मोबाइल कळतो, म्हणजे माध्यम कळतं’

वापरता येणं आणि समजणं यांत मोठं अंतर आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासगटाने २०१६मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. शाळकरी मुलांना एका संकेतस्थळाचं मुखपृष्ठ दाखवून बातमी कुठली आणि जाहिरात कुठली ते विचारलं. ‘प्रायोजित मजकूर’ असं स्पष्ट लिहिलेला लेख ८० टक्क्यांहून जास्त मुलांनी बातमी समजला. ही मुलंही पडद्यासमोर वाढलेलीच होती. आपल्या मुलांचं काय होतं, हे रविवारच्या पुरवणीतलं एक पान त्यांच्यापुढे ठेवून कोणालाही तपासता येईल.

मोबाइलवर हे आणखी गुंतागुंतीचं होतं. तिथे शिफारस करणारी व्यक्ती मैत्रिणीच्या सुरात बोलते. भारतीय जाहिरात मानक परिषद ही १९८५पासून काम करणारी, जाहिरात व्यवसायाने स्वतःसाठी उभी केलेली संस्था आहे. तिने २०२१मध्ये अशा प्रभावकांसाठी नियम केले आणि २०२३च्या जानेवारीत केंद्र सरकारनेही आपले नियम जाहीर केले. मोबदला घेऊन केलेली शिफारस तशी आहे, हे साध्या शब्दांत आणि ठळकपणे सांगणं आता बंधनकारक आहे. मुलांना बहुधा माहीत नसणारा भाग मोबदल्याचा आहे. पैसे घेतले तरच ती जाहिरात, असं ती समजतात. फुकट मिळालेला फोन, सहल, हॉटेलातला मुक्काम किंवा सवलत हाही मोबदलाच असतो. नात्यातल्या कोणाला कंपनीत हिस्सा असेल, तर तोही सांगावाच लागतो.

फक्त मोबाइलला दोष देऊन मात्र चालणार नाही. २००९च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मधून दाखवून दिलं, की स्पर्धक मराठी दैनिकांत तेच गौरवलेख शब्दशः सारखे, पण वेगवेगळ्या नावांनी छापून आले होते. त्यावरून ‘पेड न्यूज’ची देशभर चर्चा झाली आणि प्रेस कौन्सिलने चौकशीसाठी दोन सदस्यांची उपसमिती नेमली. ही आपल्याच राज्यातली, आपल्याच भाषेतली घटना आहे. बातमी लेखन शिकवताना शीर्षक, दिनांक, स्थळ एवढ्यावर थांबण्यापेक्षा या प्रकरणावर एक तास दिला, तर बातमीवर विश्वास का ठेवायचा आणि तो कधी काढून घ्यायचा, हे मुलांना कळेल.

‘जाहिरात म्हणजे खोटं, मग त्यात शिकायचं काय?’

दुसऱ्या टोकाचा हा गैरसमज. पोलिओच्या ‘दोन थेंबां’ची आठवण पालकांच्या पिढीला असेल. अमिताभ बच्चन यांच्या आवाजातल्या, कधी प्रेमळ तर कधी रागावलेल्या त्या जाहिरातींनी लसीकरणाचा दिवस घराघरांत पोहोचवला. लाखो आरोग्यसेवक आणि स्वयंसेवक दारोदार फिरले म्हणून यश आलं, पण दार उघडायला लोकांची मनं तयार करण्याचं काम जाहिरातींनीही केलं. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं.

शिवाय, आपण जे वर्तमानपत्र काही रुपयांत घेतो, त्याचा खर्च आपल्या पैशांतून निघत नाही. तो मुख्यतः जाहिरातदार भरतो. यात वाईट काही नाही, पण हे माहीत नसलेला वाचक अर्धाच वाचक असतो. कोण पैसे देतं आहे, हे कळलं की कुठली बातमी मोठी झाली आणि कुठली आतल्या पानावर गेली, याकडे मुलगा वेगळ्या नजरेने बघू लागतो.

‘अभ्यासात कच्चा असेल त्याने मीडिया घ्यावा’

अरुण कोलटकर कोल्हापूरचे, मुंबईच्या जाहिरातसंस्थांत त्यांनी वर्षानुवर्षं चित्रकार आणि कलासंचालक म्हणून काम केलं. त्या व्यवसायातले मानाचे ‘कॅग’ पुरस्कार त्यांना अनेकदा मिळाले. त्याच माणसाच्या ‘जेजुरी’ या कवितासंग्रहाला १९७७मध्ये राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला आणि ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमीचा. मोजक्या शब्दांत आणि रेषेत काम करायची सवय असलेला माणूस कुठवर जाऊ शकतो, याचं हे उदाहरण ‘कच्चा’ म्हणणाऱ्यांनी डोळ्यांसमोर ठेवावं.

शाखेची भीतीही अनाठायी आहे. मुंबई विद्यापीठाचा माध्यमांचा पदवी अभ्यासक्रम कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखांतल्या विद्यार्थ्यांसाठी खुला आहे, आणि तिसऱ्या वर्षी पत्रकारिता किंवा जाहिरात यांतलं एक निवडायचं असतं. ज्याचा हात चित्रकलेत चालतो त्याने शाळेतच कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा द्याव्यात. दहावीत त्यांचे सवलतीचे गुण मिळतात आणि पुढे उपयोजित कलेकडे जायचं असेल तर पाया तयार होतो. दहावीत असतानाच कोणी काही कायमचं ठरवून टाकण्याची गरज मात्र नाही. जो मुलगा पुढे डॉक्टर होईल त्यालाही औषधांच्या जाहिराती वाचायच्या आहेत.

मराठीत या कामाला भवितव्य नाही, असंही म्हटलं जातं. टीव्हीवरच्या मराठी जाहिराती ऐका. कितीतरी जाहिरातींत हिंदी वाक्याला मराठी प्रत्यय लावलेले असतात, ओठांची हालचाल एक आणि आवाज दुसराच. मराठीत विचार करून लिहिणारी माणसं तिथे हवी आहेत, हे कानांनाच कळतं.

‘त्यासाठी कॅमेरा हवा, स्टुडिओ हवा’

एक रद्दीतलं वर्तमानपत्र आणि खाऊचं एक रिकामं वेष्टन पुरतं. वेष्टनाची पुढची बाजू जाहिरात असते, मागची बाजू कायद्याने लिहायला लावलेली असते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणून पुढे फळाचं मोठं चित्र आणि मागच्या यादीत साखर पहिली असेल, तर मुलाला वेगळं काही सांगावं लागत नाही. एप्रिल २०२४मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना बोर्नव्हिटासह अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या विभागातून काढायला सांगितली, कारण २००६च्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ नावाची वर्गवारीच नाही. कित्येक वर्षं घराघरांत रुळलेला शब्द कायद्यात नव्हता, ही गोष्ट सातवीतल्या मुलालाही समजते.

२०२२च्या तत्त्वांतले मुलांसाठीच्या जाहिरातींचे नियमही मुलांनीच वाचावेत. अमुक खाल्ल्याने बुद्धी वा ताकद वाढते असं पुराव्याशिवाय म्हणता येत नाही, स्वतःच्या शरीराबद्दल न्यूनगंड येईल असं काही दाखवता येत नाही, आणि चिप्स किंवा शीतपेयांच्या जाहिराती खास मुलांसाठी असलेल्या वाहिन्यांवर लावता येत नाहीत.

नियमांचा उपयोग करून बघायचा असेल तर निकालाचे दिवस उत्तम. दहावी-बारावीचे निकाल लागले की चौकाचौकांत खासगी शिकवण्यांचे फलक लागतात, त्यांवर हसऱ्या मुलांचे फोटो आणि टक्के. १३ नोव्हेंबर २०२४पासून शिकवणी वर्गांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. निवडीची किंवा गुणांची हमी देता येत नाही. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव, फोटो वापरायचा तर निकालानंतर त्याची लेखी संमती हवी, आणि त्याने कुठला अभ्यासक्रम, किती काळ केला हेही त्याच जाहिरातीत सांगावं लागतं. शिक्षकांनी येत्या निकालानंतर मुलांना आपल्या गावातल्या अशा दहा फलकांची नोंद करायला सांगावी. काय वचन दिलं, कोणता पुरावा दिला, काय सांगायचं टाळलं. हमी देणारा फलक दिसला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार मराठीतही करता येते आणि तिला पैसे पडत नाहीत.