लव्हाळ्याचा जीव जमिनीखाली

मृगाचा पाऊस पडतो, वाफसा येतो आणि पेरलेले पीक वर यायच्या आधीच रान हिरवे दिसू लागते. ऊस असो, हळद असो की कांद्याचे वाफे, ही घाई लव्हाळ्याची. बाया लावून खुरपणी करावी, तर आठवडा सरत नाही तोच पुन्हा पाती वर. १९७७ साली ले-रॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांवर ग्रंथ काढला, त्यात पहिला क्रमांक याच वनस्पतीला मिळाला. ९० हून अधिक देशांत आणि ५२ पिकांत तिचा उपद्रव तेव्हाच नोंदला गेला होता. शास्त्रीय नाव सायपरस रोटंडस.

दिसायला लव्हाळा गवतासारखा, पण तो गवत नव्हे. फुलोऱ्याचा दांडा चिमटीत धरून फिरवून पाहा, तीन कडा बोटांना लागतात. आडवा कापला तर त्रिकोण दिसतो आणि आतून दांडा भरीव असतो. गवताचा दांडा गोल, पेरांचा आणि बहुधा पोकळ. गवताची पाने दोन ओळींत येतात, लव्हाळ्याची तीन. हे सायपरेसी कुलाचे लक्षण. इजिप्तमध्ये ज्याच्यावर लिहीत तो पपायरसही याच कुलातला. लव्हाळ्याच्या दांड्याच्या टोकाला तांबूस-तपकिरी कणिशे येतात आणि त्यांच्याखाली दोन-चार लांब पाती पसरलेली असतात. फुलांना पाकळ्या नाहीत, परागण वाऱ्यावर होते. बी धरते, पण रुजणारे फारच थोडे. वंश वाढतो तो गाठींतून.

एक रोप मुळासकट हलक्या हाताने खणून काढा. पातीच्या बुडाशी छोटा फुगीर कंद असतो. त्यातून सुतळीहून बारीक खोडे मातीत आडवी धावतात, काही अंतरावर फुगतात आणि गाठ तयार होते. त्या गाठीतून पुन्हा खोड, पुन्हा गाठ, अशी माळच जमिनीत ओवली जाते. कोवळी गाठ पांढरी आणि रसाळ, जून झाली की काळपट आणि चिवट. नखाने खरवडली की तिचा उग्र, मातकट सुगंध येतो. बहुतेक गाठी वरच्या १५ सेंटिमीटर मातीतच असतात.

माळ अखंड असते तोवर तिच्यातल्या बऱ्याच गाठी निजून राहतात, कारण टोकाकडच्या गाठींचा मागच्यांवर दाब असतो. औताने माळ तुटली की तो दाब जातो आणि सुटी झालेली गाठ फुटते. प्रत्येक गाठीला अनेक डोळे असतात, त्यामुळे एक कोंब खुडला तर दुसरा तयार असतो. ओल्या रानातली मशागत लव्हाळा कमी करत नाही, त्याची लागवड करते, ती अशी.

उष्ण प्रदेशात त्याची सरशी होण्याचे आणखी एक कारण पानात आहे. ज्वारी, मका आणि ऊस यांच्याप्रमाणे तो 'सी-४' पद्धतीने अन्न तयार करतो, म्हणून कडक ऊन आणि तापमान त्याला मानवते. नदीकाठ, बांध, पाटाच्या कडा, बागेतली हिरवळ, जिथे ओल आणि ऊन तिथे तो असतो. कोंबाचे टोक इतके अणकुचीदार की प्लास्टिकचे आच्छादनही भेदून वर येते. मात्र कडाक्याची थंडी आणि दाट सावली त्याला सोसत नाही.

शेतात नकोसा असलेला हा लव्हाळा वैद्यांना मात्र हवासा. आयुर्वेदात त्याच्या गाठी मुस्ता म्हणून वापरतात, आणि तापात द्यायच्या षडंगपानीयातल्या सहा द्रव्यांत मुस्ता एक आहे. सुदानमध्ये श्वेत नाईलच्या काठी अल खिदाय येथे पुरलेल्या प्राचीन माणसांच्या दातांवरच्या किटणात लव्हाळ्याचे अंश सापडले. हे संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले. तिथल्या एका काळातल्या लोकांचे दात फारच कमी किडलेले होते. दात किडवणाऱ्या जिवाणूंना लव्हाळा रोखतो, हे त्यामागचे एक कारण असावे, असे संशोधकांना वाटते.

त्याची रचना कळली की उपायही कळतो. गाठीला सर्वांत जास्त भीती कोरडे पडण्याची. उन्हाळ्यात खोल नांगरट करून गाठी वर आणाव्यात, निघतील तेवढ्या वेचाव्यात आणि उरलेल्या उन्हात वाळू द्याव्यात. या काळात रानाला पाणी लागू देऊ नये, नाहीतर तुटलेली प्रत्येक गाठ उभारी धरते. नंतर ताग किंवा चवळीसारखे लवकर दाटणारे पीक घेऊन जमीन झाकावी. फक्त पाती जाळणारे तणनाशक उपयोगाचे नाही, औषध गाठीपर्यंत उतरले पाहिजे. उसात हॅलोसल्फ्युरॉनसारखे आंतरप्रवाही तणनाशक कृषी विभागाच्या शिफारशीनुसार वापरता येते.

एका हंगामात लव्हाळा संपत नाही, पण सलग काही वर्षे गाठी वाळवत आणि सावली देत राहिले तर तो नक्की हटतो. त्यासाठी जुलैतल्या खुरपणीवर होणाऱ्या खर्चातला काही भाग एप्रिल-मेच्या नांगरटीवर लावावा.