ट्रॉली कुणाच्या नावावर?

दिवाळीच्या आधी ऊसपट्ट्यात जुन्या ट्रॉल्यांचे व्यवहार जोर धरतात. कारखान्याशी वाहतुकीचा करार करायचा तर ट्रॅक्टरबरोबर ट्रॉल्यांचेही कागद द्यावे लागतात, आणि दोन ट्रॉल्यांची नवी जोडी सगळ्यांनाच झेपत नाही. मग कुठल्या तरी वस्तीवर उभी असलेली जोडी बघायला माणसं जातात. टायरची नक्षी किती उरली, पाट्यांना तडा आहे का, फाळक्याच्या कड्या नीट बसतात का, हूक किती झिजलाय, सगळं हात लावून बघतात. कागद मात्र चहाबरोबर उलटेपालटे करून खिशात जातात. हे उलटं व्हायला हवं असं माझं ठाम मत आहे. झिजलेला हूक कुठलाही वेल्डर बदलून देतो, पण दुसऱ्याच्या नावावर राहिलेली ट्रॉली कुणालाच सहज सोडवता येत नाही.

ट्रॉलीला इंजिन नाही, म्हणून ती ट्रॅक्टरचंच शेपूट, अशी अनेकांची समजूत असते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने 'मोटार वाहन' या व्याख्येतच ट्रेलर धरलेला आहे. तिचा नंबर वेगळा, आरसी वेगळी, चासी नंबर वेगळा. जोडी घेतली म्हणजे दोन गाड्या घेतल्या, आणि नाव चढवायचं तेही दोनदा.

आमच्या शेजारचे आबा अकलूज पासिंगची एक जोडी बघायला निघाले तेव्हा कागद तपासायला मीही गेलो. ट्रॉल्या बाभळीखाली उभ्या होत्या, नुकत्याच रंगवलेल्या. रंग ताजा असला की चासी नंबर आधी शोधावा. तो सहसा पुढच्या दांड्यावर किंवा मुख्य चॅनलवर ठोकलेला असतो, आणि नव्या रंगाखाली हमखास बुजतो. पॉलिश पेपरने रंग हलक्या हाताने काढला. जोर लावला तर अक्षरंच घासली जातात, म्हणून शेवटी नुसतं रॉकेलचं फडकं फिरवलं. मग पातळ कागद त्यावर ताणून धरला आणि पेन्सिल आडवी करून घासत गेलो. कागद काळा होत जातो आणि ठोकलेले खड्डे पांढरे उमटतात. आधी एक इंग्रजी अक्षर, मग आकडे. तीन आणि आठ इथेच फसवतात; गंज धरलेला तीन आठसारखा दिसतो. म्हणून एकदा वरून खाली आणि एकदा आडवं, असं दोनदा घासायचं. यालाच आरटीओत पेन्सिल प्रिंट म्हणतात आणि फॉर्मवर ती लावावी लागते. लोखंड आणि कागद एकमेकांना खरोखर भेटतात ते एवढ्याच जागी.

दोन्ही प्रिंट आरसीशेजारी ठेवल्या आणि घोळ दिसला. पुढच्या ट्रॉलीचा चासी नंबर मागच्या ट्रॉलीच्या आरसीवर होता. फसवणूक नव्हती. रंगकाम करताना नंबरप्लेटी काढल्या होत्या आणि लावताना त्यांची अदलाबदल झाली होती. मालक तात्या स्वतःच चकित झाले. प्लेटी तिथेच पान्याने बदलल्या. जोडी एकाच मालकाकडे असेपर्यंत हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण उद्या आबांनी त्यातली एक विकली असती, किंवा रस्त्यावर एकीचा अपघात झाला असता, तर चूक शोधायला वकील लागला असता.

दुसरी गोष्ट बोजाची. आरसीवर बँकेचं नाव होतं. तात्या म्हणाले, "कर्ज कवाच फिटलंय, निल दाखला बी हाय." दाखला खरा होता. पण कर्ज फिटणं वेगळं आणि आरटीओच्या नोंदीतून बोजा उतरणं वेगळं. त्यासाठी फॉर्म 35 लागतो, त्यावर मालकाची सही आणि बँकेची सही-शिक्का लागतो. दाखला घरच्या कपाटात राहिला आणि 35 कुणी दिलाच नाही, असं गावोगाव आहे. बोजा उतरल्याशिवाय पुढचं पान उलटू नये.

पुढचं पान म्हणजे फॉर्म 29 आणि 30. गाडी विकल्याची सूचना 29 मध्ये, नाव बदलण्याचा अर्ज 30 मध्ये. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने 30 दिवसांत अर्ज करायचा, असं कलम 50 सांगतं. आमची गाडी अकलूजची आणि आबा सांगलीचे, म्हणजे मूळ कार्यालयाची ना हरकतही हवी. तो फॉर्म 28, आणि पेन्सिल प्रिंटला जागा तिथेही आहे. मूळ मालक वारला असेल तर हे फॉर्म चालतच नाहीत. वारसाने आधी फॉर्म 31 ने स्वतःचं नाव लावायचं, मग विकायचं. मुलाने वडिलांच्या नावची ट्रॉली परस्पर विकली आणि बहिणींची संमती कुणी विचारलीच नाही, अशी भांडणं मी जवळून पाहिली आहेत.

"स्टॅम्पवर लिहून देतो की, अजून काय पायजे?" हा तात्यांचा प्रश्न. स्टॅम्पपेपरवरचा करार जरूर करावा. पैसे किती, कसे दिले, बाकी किती, ते त्यातून सिद्ध होतं. त्याने आरटीओच्या नोंदीतलं नाव मात्र हलत नाही. याच मुद्द्यावर नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट निकाल दिला. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे विकली जात पुढे गेली होती, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावर आली. हे सांगितल्यावर तात्या खुर्चीत सरळ बसले. तोवर त्यांना वाटत होतं की कागदांची घाई घेणाऱ्यालाच असते.

मग व्यवहाराची मांडणी आपोआप बदलली. थोडा विसार, बोजा उतरल्यावर मोठी रक्कम, आणि शेवटचा हप्ता आबांचं नाव चढल्यावर. सगळे पैसे बँकेतून. ट्रॉल्या नेण्याच्या दिवशी ताबापावती केली, दोन प्रतींत, तारखेबरोबर वेळ घालून. सकाळी अकराला ताबा दिला आणि दुपारी दोनला काही घडलं, तर ती वेळच कामाला येते. नोंदीतला मोबाइल नंबर तात्यांच्या जुन्या बंद सिमचा निघाला. ओटीपी त्याच नंबरवर जाणार, म्हणून तो आधी बदलून घ्यावा लागला.

विम्याचं मात्र घेणाऱ्यालाच धावावं लागतं. कलम 157 प्रमाणे 14 दिवसांत विमा कंपनीला अर्ज करून नाव बदलून घ्यायचं. ट्रॉलीचा विमा पुष्कळदा ट्रॅक्टरच्या पॉलिसीतच जोडलेला असतो, आणि जुना ट्रॅक्टर तर तात्यांकडेच राहणार होता. म्हणून आबांनी स्वतःच्या ट्रॅक्टरच्या पॉलिसीत दोन्ही ट्रॉल्या नंबरासकट घालून घेतल्या आणि त्यांचा हप्ता वेगळा भरला. पॉलिसी हातात आल्यावर आम्ही तिच्यावरचे नंबर पेन्सिल प्रिंटशी ताडून पाहिले. एकात एक आकडा चुकला होता. एजंटाने दुसऱ्या दिवशी दुरुस्ती आणून दिली, आणि त्यानंतरच जोडी उसाच्या फडात गेली.