डिस्चार्ज कार्ड एआयकडून समजून घेताय? गोळ्यांचा हिशोब मात्र मूळ कागदावरूनच करा

दवाखान्यातून सुट्टी झाली की पेशंटच्या हातात इंग्रजीतलं डिस्चार्ज कार्ड येतं. घरी आल्यावर ते वाचणार कोण? आता पोरं त्याचा फोटो काढतात, चॅटजीपीटी, जेमिनी नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपमधल्या मेटा एआयला पाठवतात आणि 'मराठीत सांग' म्हणतात. आजार कोणता, तपासणीत काय निघालं, पुन्हा कधी दाखवायचं, हे त्यातून बऱ्यापैकी कळतंही.

न्यूयॉर्कमधल्या एनवाययू लँगोन रुग्णालयाच्या डॉक्टरांनी हेच तपासून पाहिलं. त्यांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ५० पेशंटच्या डिस्चार्जच्या कागदांची भाषा एआयकडून सोपी करून घेतली, तेव्हा अकरावीच्या पातळीचं इंग्रजी सहावीच्या पातळीवर आलं. पण डॉक्टरांनी केलेल्या १०० तपासण्यांपैकी १८ मध्ये पेशंटच्या सुरक्षिततेची काळजी नोंदवली गेली. बहुतेक ठिकाणी महत्त्वाची गोष्ट गाळली होती, काही ठिकाणी चुकीचंच लिहिलं होतं. आणि हे इंग्रजीतून इंग्रजीत. आपल्याकडे त्यात भाषांतराची आणि डॉक्टरांच्या अक्षराची भर.

एक शब्द गळाला तर काय होतं, बघा. सांधेवातावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. 'आठवड्यातून' हा शब्द सुटला आणि पेशंटने ती रोज घेतली, तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. 'ओडी' या अक्षरांचंही तसंच. गोळीपुढे ओडी म्हणजे दिवसातून एकदा. डोळ्यांच्या कागदावर मात्र उजवा डोळा. इन्सुलिनच्या आकड्यापुढे घाईत काढलेला इंग्रजी 'यू' शून्यासारखा दिसतो, मग १० युनिटचे १०० वाचले जातात.

फोटो काढण्याआधी नाव, मोबाईल आणि आधार नंबर झाका. विचारताना 'काही गाळू नको, जे वाचता येत नाही ते तसं सांग' असं लिहा. आलेलं उत्तर कागद आणि गोळ्यांचं पाकीट समोर ठेवून वाचा. गोळीचं नाव, मिलिग्रॅम, किती वेळा, किती दिवस, सगळं जुळलं पाहिजे. कुठे अडलं तर मेडिकलवाल्याला किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरला कागद दाखवा. गोळी बंद करू का, कमी करू का, हे एआयला विचारायचंच नाही. ते डॉक्टरांनाच विचारा.

आणि सुट्टी होतानाच प्रत्येक पाकिटावर मराठीत वेळ लिहून मागा. त्याला दोन मिनिटं लागतात.