कात्री की तळटीप?

पुस्तक ग्रंथालयात आहे म्हणजे ते वाचकाला मिळतेच असे नाही. ते कुलूपबंद कपाटात असेल आणि त्याचे नावही वाचकाला ठाऊक नसेल, तर तो ते मागणार कसे? शि. रा. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक लाभला पाहिजे, असा तिसऱ्याचा आशय आहे. मुक्तद्वार पद्धतीचा आग्रह त्यातूनच येतो. वाचकाने स्वतः पुस्तकांपाशी जावे, ती चाळावीत आणि निवडावीत.

परंतु पुस्तकातील एखादा भाग अनेकांना खटकला तर? महाराष्ट्रात हा प्रश्न 1987 साली उभा राहिला. राज्य शासनाच्या शिक्षण विभागाने डॉ. आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा चौथा खंड प्रसिद्ध केला. त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेले 'रिडल्स इन हिंदुइझम' त्यात होते. राम व कृष्ण यांच्यावरील परिशिष्ट वगळावे, अशी मागणी झाली. उलट, मूळ लेखनाला हात लावू नये म्हणून 1988 च्या प्रारंभी मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. अखेर परिशिष्ट कायम राहिले. त्यातील मतांशी शासन सहमत नाही, अशी तळटीप मात्र जोडली गेली.

तळटीपेमुळे मूळ मजकूर आणि त्यावरचा मतभेद, दोन्ही वाचकासमोर राहतात. कात्री लावली की पडताळणीचे साधनच नाहीसे होते. विज्ञानातही सदोष ठरलेला शोधनिबंध मागे घेतात तेव्हा सहसा तशी नोंद करून तो उपलब्ध ठेवतात. नाहीतर चूक कोठे झाली हे तपासायचे कसे?

नवी मुंबईत ऐरोली येथील डॉ. आंबेडकर स्मारकात ग्रंथालय आहे. तेथे किंवा आपल्या गावच्या ग्रंथालयात विद्यार्थ्याने हा खंड मागितला, तर तो मिळावा आणि मत त्याने स्वतः बनवावे, एवढीच अपेक्षा आहे.

शाळेत सगळीच पुस्तके घेता येत नाहीत. पैसा आणि जागा मर्यादित असते, मुलांचे वयही पाहावे लागते. म्हणून निवड करावीच लागते. मात्र निवडीचे निकष लेखी असावेत. एखाद्या पुस्तकाविरुद्ध तक्रार आली, तर कोणत्या पानावर काय आक्षेपार्ह वाटले ते लिहून मागावे. दोन-तीन शिक्षकांनी पुस्तक पूर्ण वाचून निर्णय घ्यावा. तोवर पुस्तक जागेवरच ठेवावे. तक्रार करणाऱ्याने पुस्तक वाचले आहे की नाही, हे बहुधा पहिल्याच पायरीवर कळते.